स्वरांची सोडत : इलेक्ट्रॉनिक संगीतातील संभाव्यता आणि मॉड्युलेशन

१. तंबोऱ्याने घातलेले कोडे

मैफलीस आरंभ होण्यापूर्वी गवई तंबोरा मांडीवर घेऊन जुळवितो आणि पाठीमागे बसलेल्या शिष्याच्या हाती देतो. त्या क्षणापासून मैफल संपेपर्यंत शिष्याची बोटे एकच काम करीत राहतात. प्रथम पंचमाची तार, मग जोडाच्या दोन तारा, शेवटी खर्ज. पुन्हा पंचम, पुन्हा जोड, पुन्हा खर्ज. दोन-तीन तास ह्या क्रमात तिळमात्र बदल होत नाही. तरीही श्रोत्यांस त्याचा वीट येत नाही. उलट, तंबोरा थांबला की सभागृह एकाएकी ओस पडल्यासारखे वाटते.

आता हेच चार स्वर एखाद्या साध्या विद्युत्-वाद्यास त्याच क्रमाने आणि त्याच गतीने वाजवावयास सांगावे. मिनिटाभरात कान कंटाळतो. स्वर तेच, क्रमही तोच. मग फरक कोठे पडला?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले असता आजच्या इलेक्ट्रॉनिक संगीतरचनेतील दोन महत्त्वाच्या कल्पनांपाशी आपण येऊन पोहोचतो. पहिली संभाव्यता व दुसरी मॉड्युलेशन. ह्या दोन्ही कल्पना नव्या यंत्रांबरोबर आल्या असे सर्वसाधारणपणे समजले जाते. वस्तुतः त्यांची मुळे आपल्या संगीतशास्त्रात फार खोलवर गेलेली आहेत, आणि त्यांपैकी एक तर महाराष्ट्राच्याच भूमीत, देवगिरीस, सापडते.

२. आर्पेजिओ म्हणजे काय?

पाश्चात्त्य संगीतात तीन-चार स्वर एकाच वेळी वाजवून स्वरसमूह निर्माण करतात. ते स्वर एकदम न वाजविता एकामागून एक वाजविले म्हणजे त्यास आर्पेजिओ म्हणतात. ‘आर्पा’ ह्या इटालियन शब्दाचा अर्थ एक प्रकारची वीणा असा आहे; त्या वाद्यावर बोटे फिरविताना स्वर असेच ओळीने उमटतात. आपल्याकडे स्वरमंडळावरून बोट फिरविले असता रागाचे स्वर ज्या रीतीने झरझर उमटतात, ती रीत पुष्कळशी ह्याच जातीची होय. तंबोऱ्याचे चार तारांचे आवर्तन हाही एक संथ आर्पेजिओच म्हणता येईल.

इलेक्ट्रॉनिक वाद्यात हे काम आर्पेजिएटर नावाची योजना करते. वादकाने काही पट्ट्या दाबून धरल्या की यंत्र त्या स्वरांची यादी करते आणि नियमित स्पंदांच्या तालावर यादीतील एकेक स्वर वाजविते. समजा, मिनिटास १२० मात्रांची लय आहे आणि प्रत्येक मात्रेत चार स्वर आहेत. मग सेकंदास ८ स्वर होतात व प्रत्येक स्वराच्या वाट्यास १२५ सहस्रांश सेकंद येतात. यादी कोणत्या क्रमाने वाचावयाची हे वादकाने ठरवावयाचे असते : खालून वर, वरून खाली, वर जाऊन पुन्हा खाली, अथवा यादृच्छिक, म्हणजे ज्याची चिठ्ठी निघेल तो स्वर.

ह्या शेवटच्या पर्यायापासून आपल्या विषयास खरा प्रारंभ होतो. चिठ्ठ्या टाकावयाच्या तर त्या एकंदर किती, हे आधी मोजावयास हवे.

३. देवगिरीचा हिशेबनीस

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघण ह्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. राजदरबारी तो हिशेबखात्याचे काम पाहत असे, आणि त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. ह्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात तो एक गणिती प्रश्न हाती घेतो : सात स्वर, प्रत्येक एकदाच घेऊन, एकंदर किती निरनिराळ्या क्रमांनी मांडता येतील?

दोन स्वरांचे क्रम २. तिसरा स्वर आला की ३ पट, म्हणजे ६. चौथ्याने २४, पाचव्याने १२०, सहाव्याने ७२० आणि सातव्याने ५०४०. ह्या सर्व क्रमांची पद्धतशीर मांडणी करण्यास प्रस्तार म्हणतात. तीन स्वरांचा प्रस्तार असा होतो : सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. प्रथम ज्यांच्या शेवटी ग आहे ते दोन, मग रे शेवटी असलेले दोन, मग सा शेवटी असलेले दोन.

शार्ङ्गदेव केवळ मोजून थांबला नाही. एखाद्या तानेचा अनुक्रमांक दिला असता ती तान कोणती, हे सगळा प्रस्तार न लिहिता कसे शोधावे, ह्याची रीत त्याने दिली. तिला ‘नष्ट’ म्हणतात. तान दिली असता तिचा अनुक्रमांक काढण्याच्या उलट रीतीस ‘उद्दिष्ट’ म्हणतात. ह्या दोहोंसाठी खंडमेरू नावाचे कोष्टक वापरावयाचे असते. त्याचे स्तंभ असे :

पहिला : १
दुसरा : ०, १
तिसरा : ०, २, ४
चौथा : ०, ६, १२, १८
पाचवा : ०, २४, ४८, ७२, ९६
सहावा : ०, १२०, २४०, ३६०, ४८०, ६००
सातवा : ०, ७२०, १४४०, २१६०, २८८०, ३६००, ४३२०

प्रत्येक स्तंभातून एक आकडा घेऊन बेरीज केली म्हणजे एका तानेचा अनुक्रमांक मिळतो. प्रत्येक स्तंभातील शेवटचा आकडा घेतला तर १ + १ + ४ + १८ + ९६ + ६०० + ४३२० = ५०४०, म्हणजे बरोबर शेवटची तान.

उदाहरणार्थ, सा रे ग म ह्या चार स्वरांची पंधरावी तान काढावयाची आहे. १५ ही संख्या चार स्तंभांतून १ + ० + २ + १२ अशी मिळते. चौथ्या स्तंभात १२ हा तिसरा आकडा आहे. म्हणून म, ग, रे, सा असे उलट मोजून तिसरा स्वर रे हा तानेच्या शेवटी ठेवावा. उरले सा, ग, म. तिसऱ्या स्तंभात २ हा दुसरा आकडा. म्हणून म, ग असे मोजून ग हा त्याच्या आधी ठेवावा. उरले सा व म. दुसऱ्या स्तंभात ० हा पहिला आकडा; म्हणून म आधीचा, आणि राहिलेला सा सर्वांत पुढे. तान झाली सा म ग रे. वाचकांनी कागद घेऊन इतर क्रमांक काढून पाहावेत. एकदा हात बसला की ही रीत विसरत नाही.

ह्या रीतीचे महत्त्व असे की, तिने तान आणि संख्या ह्यांची गाठ घातली. १ ते ५०४० ह्यांतील कोणतीही संख्या सोडतीने काढा. खंडमेरू तुमच्या हाती एक सबंध तान ठेवील, आणि तीत कोणताही स्वर दोनदा येणार नाही. आजच्या संगणकास यादृच्छिक आर्पेजिओ रचावयास सांगितले असता तो ह्याहून वेगळे काही करीत असेलच असे नाही.

४. सगळे मोजणे म्हणजे गाणे नव्हे

तथापि येथे एक इशारा द्यावयास हवा. सात स्वरांच्या ५०४० तानांत एकंदर ३५,२८० स्वर होतात. सेकंदास ८ ह्या गतीने यंत्र त्या न थांबता वाजवू लागले तर ४४१० सेकंद, म्हणजे साडेत्र्याहत्तर मिनिटे लागतील. ह्या अवधीत एकही क्रम दुसऱ्यांदा येणार नाही. आणि तरीही दहाव्या मिनिटास श्रोते उठून जाऊ लागतील. नवेपणा आणि गोडी ह्या दोन भिन्न वस्तू आहेत.

ही गोष्ट आपल्या गायकांस ठाऊक होती. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्यात मेरुखंडाचा, म्हणजे स्वरांच्या अशा उलटापालटीचा, अभ्यास करण्याची परंपरा होती. उस्ताद अमान अली खाँ ह्यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे, आणि उस्ताद अमीर खाँ ह्यांच्या गायकीतही मेरुखंडाचा प्रत्यय येतो. पण अभ्यासात शेकडो क्रम घोकणारा गायक मैफलीत त्यांतले थोडेच घेतो. कोणते घ्यावे आणि कोणते टाळावे हे त्याला राग सांगतो.

मग प्रश्न असा उरतो : ही निवड आकड्यांत सांगता येईल काय?

५. फाशांचे वजन

येथे संभाव्यतेचे गणित उपयोगी पडते. एखादी घटना घडण्याची शक्यता ० पासून १ पर्यंतच्या अंकाने दाखवावयाची. ० म्हणजे कधीच नाही आणि १ म्हणजे हमखास.

युरोपात फाशांनी संगीत रचण्याचे खेळ अठराव्या शतकात लोकप्रिय होते. बर्लिनच्या किर्नबेर्गर ह्या संगीतकाराने १७५७ साली असा एक खेळ प्रसिद्ध केला. दोन फासे टाकले असता बेरीज ७ येण्याचे मार्ग ३६ पैकी ६ आहेत, तर २ येण्याचा मार्ग एकच. म्हणजे फाशांच्या खेळातही सर्व उत्तरांस सारखे वजन नसते. संगीतरचनेत हे वजन आपण आपल्या हातांनी ठरवू शकतो.

भूपाचे उदाहरण घेऊ. त्यात सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर. मध्यम व निषाद वर्ज्य. संभाव्यतेच्या भाषेत म आणि नि ह्यांची संभाव्यता शून्य. वर्ज्य स्वर हा संभाव्यतेचा सर्वांत कडक नियम होय. आता उरलेल्या पाचांस प्रत्येकी एक-पंचमांश असे समान वजन दिले, तर यंत्र भूपाच्या स्वरांत वाजवील खरे, पण भूप वाजविणार नाही. कारण देसकार रागाचेही हेच पाच स्वर आहेत. भूपाचा वादी गंधार आहे, देसकाराचा धैवत. भूपाचा डौल सप्तकाच्या पूर्वांगात, देसकाराचा उत्तरांगात. स्वरांची यादी एकच असता दोन राग वेगळे होतात ते वजनामुळे आणि चलनामुळे.

वजनाची सोय सोपी आहे : भूपासाठी ग ची संभाव्यता वाढवावी, देसकारासाठी ध ची. चलनासाठी एक पायरी पुढे जावे लागते. कोणता स्वर येईल हे आधी कोणता स्वर होऊन गेला ह्यावर अवलंबून ठेवावे लागते. रशियन गणिती मार्कोव्ह ह्याने १९१३ साली पुश्किनच्या काव्यातील वीस हजार अक्षरे तपासून स्वरामागून व्यंजन आणि व्यंजनामागून स्वर किती वेळा येतो हे मोजले. पुढे अशा साखळीस त्याचे नाव मिळाले. आपण भूपासाठी लिहू शकतो : ग नंतर रे येण्याची संभाव्यता ०.४, प येण्याची ०.४, सा ०.१, पुन्हा ग ०.१ आणि ध शून्य. प्रत्येक स्वरासाठी अशी एक ओळ लिहिली म्हणजे यंत्राच्या हाती रागाच्या चालीचा एक कच्चा नकाशा येतो. १९५७ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात हिलर व आयझॅकसन ह्यांनी संगणकाकडून चार वाद्यांसाठी एक रचना करवून घेतली. तिच्या अखेरच्या भागात ह्याच साखळीचा उपयोग होता.

संभाव्यता केवळ कोणता स्वर ह्यालाच लागू होते असे नाही. स्वर वाजावा की न वाजावा ह्यालाही ती लावता येते. सोळा घरांचे आवर्तन घ्या आणि प्रत्येक घरास ०.७५ ही संभाव्यता द्या. सरासरीने १२ घरे बोलतील व ४ मुकी राहतील. पण कोणती चार, हे प्रत्येक आवर्तनात बदलेल. सोळाही घरे एकदम बोलण्याचा योग सुमारे शंभर आवर्तनांत एकदा येईल. पहिल्या घरास मात्र १ ही संभाव्यता द्यावी, म्हणजे सम कधी चुकणार नाही. तबलजी ठेक्यात भरी घालताना हेच धोरण पाळतो : मधल्या जागा मोकळ्या, सम पक्की.

६. मॉड्युलेशन : हलता हात

आता तंबोऱ्याच्या कोड्याकडे पुन्हा वळू. मिरजेचे कारागीर तंबोरा तयार करताना त्याची घोडी किंचित फुगीर घासतात आणि तार व घोडी ह्यांमध्ये सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. (मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.) छेडलेली तार ह्या वक्र पृष्ठास क्षणोक्षणी स्पर्श करते, आणि त्यामुळे मूळ स्वराबरोबर उमटणारे उपस्वर एकामागून एक उजळतात व मावळतात. एरवीच्या नियमाप्रमाणे जे उपस्वर ऐकू येऊ नयेत तेही ह्या घोडीमुळे ऐकू येतात, ह्याकडे चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ च्या सुमारास लक्ष वेधले होते. म्हणजे तंबोऱ्याचा क्रम स्थिर असला तरी त्याचा नाद क्षणभरही स्थिर नसतो. यंत्राच्या चार स्वरांत नेमके हेच उणे होते.

एका राशीने दुसऱ्या राशीस सतत कमीजास्त करीत राहणे ह्यास मॉड्युलेशन म्हणतात. रेडिओच्या लहरीवर आवाज चढवितात तेही मॉड्युलेशनच. इलेक्ट्रॉनिक वाद्यात त्यासाठी एक संथ आंदोलक असतो. त्याची आंदोलने इतकी सावकाश होतात की ती स्वर म्हणून ऐकू येत नाहीत. सेकंदास एक-दशांश आंदोलन म्हणजे दहा सेकंदांस एक फेरी. ह्या आंदोलकाचा बदलता विद्युत्-दाब फिल्टरला, म्हणजे ध्वनीच्या गाळणीस, जोडला की गाळणी हळूहळू उघडते व मिटते. उपस्वर बाहेर येतात व पुन्हा लपतात. विद्युत्-दाबाने चालणाऱ्या मूग वाद्याचा असा एक संच १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत बसविण्यात आला होता, आणि तेथे भारतीय रचनाकारांनी त्यावर प्रयोग केले.

मॉड्युलेशनची फेरी आणि स्वरांची फेरी ह्यांची लांबी निराळी ठेवली तर आणखी मौज होते. पाच घरांचा आर्पेजिओ आणि आठ घरांत फिरणारी गाळणी एकत्र सुरू केली, तर दोन्ही पुन्हा एकत्र आरंभास येण्यास ४० घरे, म्हणजे आपल्या गतीने ५ सेकंद लागतात. तिसरी सात घरांची फेरी आवाजाच्या लहानमोठेपणास लावली तर २८० घरे, म्हणजे ३५ सेकंद. लघुतम साधारण विभाज्य काढण्याचे शाळेतील उदाहरण येथे कानांनी ऐकता येते.

परंतु मॉड्युलेशनचा सर्वांत सुंदर उपयोग संभाव्यतेवरच करता येतो. घर बोलण्याची संभाव्यता आरंभी ०.२५ ठेवून चार मिनिटांत ती १ पर्यंत नेली, तर विरळ स्वरांतून हळूहळू दाट विणकर उभी राहते. आपल्या गायकीत जिला बढत म्हणतात तिच्याशी हिचे नाते आहे. गंधाराचे वजन कमी करीत धैवताचे वाढवीत नेले, तर एकही स्वर न बदलता भूपाची छाया ओसरून देसकाराची पडू लागते.

७. मुंबईचे एक उदाहरण

१९८२ साली मुंबईत चरणजित सिंग ह्या चित्रपटसंगीतातील वादकाने एक धाडसी ध्वनिमुद्रिका तयार केली : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस व बैरागी हे दहा राग त्यांनी रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर बसविले. त्यांपैकी ज्युपिटर-८ ह्या वाद्यात आर्पेजिएटर होता व त्यात यादृच्छिक क्रमाचीही सोय होती. टीबी-३०३ हे यंत्र सोळा घरांपर्यंतचे आवर्तन लक्षात ठेवी. प्रत्येक घरास आघात देता येई किंवा एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकता येई. ह्या सरकण्यात मींडेचा भास होतो. टीआर-८०८ ताल पुरवी. टीबी-३०३ च्या आवर्तनात सोडत नव्हती. जिवंतपणा येई तो गाळणीच्या मुठी हाताने फिरविण्यातून.

त्या काळी ह्या ध्वनिमुद्रिकेकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९८७ साली शिकागोच्या ‘फ्यूचर’ ह्या मंडळींची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही मुद्रिका निघाली आणि टीबी-३०३ च्या त्याच मुरडत्या नादाने एका नव्या नृत्यसंगीतास जन्म दिला. २०१० साली चरणजित सिंग ह्यांची मुद्रिका पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा जगभरचे श्रोते चकित झाले. २०१५ साली त्यांचे निधन झाले. शिकागोच्या आधी पाच वर्षे मुंबईत हा नाद उमटला होता, एवढेच ह्या उदाहरणाचे महत्त्व नाही. त्या यंत्रांस राग ठाऊक नव्हता. कोणते स्वर वर्ज्य, कोणता स्वर पुन्हापुन्हा यावा, कोठे सरकावे, हे सर्व त्यांत भरणारा माणूस रागाच्या परंपरेत मुरलेला होता.

८. वर्गात करून पाहण्याचा प्रयोग

एक पेटी, एक फासा व एक नाणे घ्यावे. फाशाचा १ म्हणजे सा, २ म्हणजे रे, ३ व ४ म्हणजे ग, ५ म्हणजे प, ६ म्हणजे ध. एका विद्यार्थ्याने फासा टाकावा, दुसऱ्याने नाणे. छाप पडला तर स्वर वाजवावा, काटा पडला तर तेवढा वेळ गप्प राहावे. तिसऱ्याने टाळीने संथ लय धरावी. चौथ्याने भात्याचा दाब वीस टाळ्यांत हळूहळू वाढवावा व वीस टाळ्यांत कमी करावा. हे झाले मॉड्युलेशन. स्वर वहीत लिहून घ्यावेत. मग ३ म्हणजे ग, ४ म्हणजे प, ५ व ६ म्हणजे ध अशी अदलाबदल करून पुन्हा वाजवावे आणि कोणता फरक जाणवतो ते सांगावे.

ज्यांस फासा मिळणार नाही त्यांनी यंत्राची युक्ती वापरावी. कोणतीही संख्या घ्या, तिला ५ ने गुणा, ३ मिळवा आणि १६ ने भागून बाकी लिहा. त्या बाकीवर पुन्हा तीच क्रिया करा. १ पासून आरंभ केल्यास ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४, ७, ६ अशा संख्या येतात व मग पुन्हा १. संगणकातील सोडत पुष्कळदा अशाच, पण फार मोठ्या संख्यांच्या, हिशेबाने चालते. दिसावयास ती यादृच्छिक असते. आरंभीची संख्या तीच दिली तर सबंध तान जशीच्या तशी पुन्हा वाजते.

९. उपसंहार

यंत्राने सोडत काढून वाजविलेले संगीत खरे संगीत काय, असा प्रश्न विचारला जातो, आणि वादकांच्या मनात त्यामागे आपल्या कलेविषयीची काळजीही असते. वरील विवेचनावरून एवढे दिसून येईल की, सोडत ही स्वतः काहीच रचीत नाही. चिठ्ठ्या कोणत्या, प्रत्येकीचे वजन किती, कोणती चिठ्ठी मुळीच टाकावयाची नाही, आणि ही वजने वेळेनुसार कशी हलवावयाची, हे ज्याने ठरविले तोच रचनाकार. त्याला राग ठाऊक असेल तर सोडतीतून रागाची छाया पडेल. ठाऊक नसेल तर ५०४० तानांचा ढीग पडेल.

म्हणून ज्या विद्यार्थ्यास ही यंत्रे हाताळावयाची आहेत त्याने प्रथम तंबोऱ्यापाशी बसावे. चार तारा छेडाव्यात, क्रम बदलू नये, आणि प्रत्येक तारेतून दर वेळी काय वेगळे ऐकू येते ते लक्ष देऊन ऐकावे.